मोटरनावेची पारख

१ फेब्रुवारी १९५९, रविवार

आज मोटरनाव पाहून आलो. विकणारे अप्पासाहेब, होळकर सरकारच्या शिकारखान्यातून रिटायर झालेले. पलासियाच्या पुढे विहिरीचा बंगला आहे त्यांचा. बातमी शेजारच्या नानासाहेबांनी आणली. ते पोस्टात आहेत आणि त्यांच्या बातम्या निम्म्या खऱ्या निघतात, म्हणून पहिल्यांदा एकटाच गेलो.

मापे: लांबी तेरा फूट चार इंच, रुंदी मधोमध चार फूट एक इंच. सागवान, तांब्याचे खिळे. मागे लटकवायचे इंजिन अमेरिकन, दहा घोड्यांचे, लढाईनंतर लष्करी मालाच्या लिलावात घेतलेले. अप्पासाहेबांनी अकरा वर्षे बदकांच्या शिकारीला वापरली. आता गुडघे गेले, नावेत पाय टाकता येत नाही, म्हणून विकायची.

गुडघे गेले हे खरे, खुर्चीतून उठताना पाहिले. पण बाकी बऱ्याच गोष्टी मनाला पटल्या नाहीत. तळाला रंग ताजा आहे. विकायच्या वस्तूला ताजा रंग कोण देतो आणि का देतो? किंमत नऊशे सांगितली, ती इतकी कमी की मीच चरकलो. शिवाय दोनदा चहा. चाकूचे टोक अकरा ठिकाणी टोचून पाहिले, लाकूड कुठे मऊ लागले नाही. तरी सगळ्या ठिकाणी टोचता येत नाही.

नावेची देखभाल तात्याराव नावाचा माणूस करतो. महूचा, पन्नाशीच्या आतबाहेर. बाप पलटणीत, हा स्वतः पलटणीत. लढाईत बर्म्याला नदीवर सरकारी मोटरनावा चालवल्या, असे सांगतो. महूत कुठल्याशा वर्कशॉपात आहे, रविवारी इकडे येतो. विचारले तेवढेच बोलतो. अशा माणसाजवळ न सांगितलेले पुष्कळ असते. एक गोष्ट मात्र अप्पासाहेबांनीच सांगितली. चंबळच्या धरणावर आता पाणी अडेल, तिथे मोटरनावांना चालक हवे आहेत. तात्यारावाला दोन मार्चला मंदसोरला बोलावले आहे. पलटणीचा कागद जुना झाला, तो चालत नाही. अकरा वर्षे हे इंजिन बिनतक्रार सांभाळले, असे अप्पासाहेबांच्या सहीचे सर्टिफिकेट नेले तरच त्याला उभे करतील. ते सर्टिफिकेट अप्पासाहेब नाव विकल्यावर देणार आहेत.

म्हणजे नाव खपण्यात त्याचाही स्वार्थ आहे. हे ध्यानात ठेवायचे.

मला ती हवी आहे, हेही इथे लिहून ठेवतो. तिथे तोंडावर दिसू दिले नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

बायकोला, मंगलाला, सांगितले. पोळी लाटता लाटता तिने एवढेच विचारले, पोहता येतं का तुम्हाला. मी म्हटले, नाव ही न पोहणाऱ्यांसाठीच केलेली असते. ती म्हणाली, मग ठीक. तिच्या 'मग ठीक'चा मला कधी भरवसा वाटलेला नाही.

सियागंजात माझे इंजिनांचे दुकान आहे, तिथे सगळ्यांना माहीत आहे की हा जयसिंगराव कुठल्या कॉलेजात गेला नाही. सातवीनंतर शाळा सुटली. पहिले इंजिन सोळाव्या वर्षी उघडले, मालकाला न विचारता, आणि संध्याकाळच्या आत परत जोडले. एक वॉशर उरला, तो अजून माझ्याकडे आहे. इंग्रजी कॅटलॉगातली चित्रे पाहून शिकलो. आज बेटम्यापासून देपालपूरपर्यंतचे शेतकरी पंप घेऊन माझ्याकडेच येतात. डिप्लोमावाले दोघेजण शेजारी दुकान टाकून बसले आहेत, तेही अडले की येतात. तीनशेच्या वर इंजिने या हातांखालून गेली. मला कोणी फसवायचे म्हटले तर त्याला बरीच तयारी करावी लागेल.

८ फेब्रुवारी, रविवार

आज झाले ते क्रमाने लिहितो. पुढे कोर्टकचेरी झालीच तर उपयोगी पडेल.

दुपारी सव्वातीनला पलासियाला पोचलो. अप्पासाहेब आत झोपलेले. इंजिन परसात लाकडी घोडीवर लावून ठेवले होते. मी तात्यारावाला म्हटले, चालू कर. तो म्हणाला, खाली पिंप ठेवून भरून घेऊ, इंजिनाचा पाय पाण्यात पाहिजे, दहा मिनिटं लागतील. आणि दोन बादल्या घेऊन विहिरीवर गेला.

ही पाण्याची तरकीब मला नवी नाही. पाण्यात आवाज दबतो. आत बेअरिंग खडखडत असले तरी वर नुसती गुरगुर ऐकू येते. जुना माल विकणारे असले शंभर प्रकार करतात. कोरड्या इंजिनाला काही लपवता येत नाही. मी आजूबाजूला पाहिले, कोणी नव्हते. दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला सुरू झाले. घड्याळ हातात धरून चार मिनिटे चालवले, त्यातली शेवटची दीड पूर्ण वेगात. आवाज एकसारखा, कुठे ठोका नाही. मनातून खूश झालो.

तेवढ्यात तात्याराव बादल्या वाटेतच टाकून धावत आला आणि मला न विचारता, माझ्या हाताखालून हात घालून त्याने इंजिन बंद केले. आजवर असे कोणी केले नव्हते. मी काही बोलण्याआधी तो खाली बसून इंजिनाच्या पायाला हात लावून पाहत होता. थोडा जळका वास येत होता. जुने ग्रीस असणार. कसला वास, म्हणून विचारले तर सरळ उत्तर दिले नाही. म्हणाला, आता पंप उघडून पाहावा लागेल.

यात पंप कसला? इंजिनाचा पाय पाण्यात असतो, ते आपोआप थंड राहते. एवढे साधे आहे. उघडायचे म्हणजे काय ते कळायला मला कॉलेज लागत नाही. माझ्यामागे चांगला भाग काढायचा आणि सडका बसवायचा.

म्हणून मी माझी खबरदारी घेतली. माझे वडील होळकर सरकारच्या खजिन्यात थैल्यांवर मोहोर लावण्याच्या कामावर होते. गाठीवर लाख टाकायची आणि तिच्यावर पितळी शिक्का दाबायचा, म्हणजे थैली कोणी उघडली तर लगेच कळते. त्यांचा तो शिक्का माझ्याकडे आहे. आज लाख आणि मेणबत्तीसकट खिशात घालूनच गेलो होतो. इंजिनाच्या पायापासून डोक्यापर्यंत सुतळीचे वेढे घेतले आणि तीन गाठींवर तीन शिक्के मारले. ट्रायलच्या दिवशी पाण्यावर मीच फोडणार.

तात्याराव हे सगळे उभा राहून पाहत होता. मग हळू आवाजात म्हणाला, "साहेब, आत्ता जे झालं ते अप्पासाहेबांना तुम्ही सांगा. मी सांगितलं तर चुगली होईल."

काय झालं ते त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही. त्याने मध्ये हात घातला तेच असेल. ते मी मोठ्या मनाने सोडून दिले.

अप्पासाहेब उठून आले, शिक्के पाहिले, एकदा तात्यारावाकडे पाहिले आणि म्हणाले, असू द्या, तुमचं समाधान होऊ द्या. मोठा माणूस इतक्या सहज हो म्हणतो तेव्हा आणखी सावध राहावे.

१५ फेब्रुवारी, रविवार

फसवणूक पकडली. आजच लिहितो.

सकाळी लॉरीतून नाव बेटम्याच्या अलीकडच्या तलावावर नेली. साक्षीदार म्हणून नानासाहेब. त्यांना वाटेभर गंमत सुचत होती. लॉरीच्या मागे उभे राहून म्हणत होते, जयसिंगराव, वरात तर निघाली, घोडी दिसत नाही. अप्पासाहेब खुर्ची घेऊन काठावर बसले. शिक्के नानासाहेबांना दाखवले, तिन्ही शाबूत. मगच फोडले.

तात्यारावाने पुन्हा तेच काढले, दहा मिनिटं द्या, पंप बघून घेतो. मी म्हटले, आता जसे आहे तसेच चालेल. अप्पासाहेबांनीही होकाराची मान हलवली.

अकरा वाजून वीस मिनिटांनी निघालो. मी पुढे, तात्याराव मागे. पहिली पाच मिनिटे कशी गेली ते मला नीट लिहिता यायचे नाही. पाणी दोन्ही बाजूंना फाटत जात होते. काठावरचे नानासाहेब बोटाएवढे झाले. माझ्या हातून दुरुस्त झालेली इंजिने सगळी विहिरीच्या कडेला बसून राहतात. हे एकच होते जे मला घेऊन कुठे तरी जात होते.

पण मागे वळलो तर तात्याराव पुढे बघतच नव्हता. तो इंजिनाच्या पायावरच्या एका बारीक भोकाकडे पाहत होता. म्हणाला, "धार येत नाहीये, साहेब. परत फिरू." मी म्हटले, चालू दे. तो दुसऱ्यांदा म्हणाला. आमची ट्रायल तोडायला निमित्त शोधतो आहे, असे मला वाटले. आठव्या मिनिटाला इंजिनाच्या डोक्यावरच्या रंगाला फोड आले, वाफ निघाली, इंजिन कण्हले आणि बंद पडले. मध्यावर.

परत त्याने वल्ही मारली. मी दोन्ही कडा धरून बसलो होतो. मला पोहता येत नाही हे त्याला कोणी सांगितले होते कोण जाणे, पण त्याने वल्ही इतकी हळू आणि सारखी मारली की नाव एकदाही डोलली नाही. हे लिहायचे कारण, जे खरे आहे ते लिहावे.

काठावर उतरताच मी अप्पासाहेबांना स्पष्ट विचारले, हे इंजिन तुम्ही बिनतक्रार म्हणून विकत होता की नाही. ते तात्यारावाकडे वळले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "तात्याराव, मी तुझ्या शब्दावर विकत होतो. हे काय?"

"मी त्या दिवशी यांना सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतंस?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. अप्पासाहेबही पाहायला लागले. मी म्हटले, "मला तर काही आठवत नाही."

पंप उघडण्याबद्दल तो बोलला होता, ते आठवत होते. पण मी तसे म्हटले असते तर त्याला सबब मिळाली असती, आणि मुद्दा भलतीकडेच गेला असता. त्यानेही पुढे काही सांगितले नाही. खरे असते तर बोलला नसता का?

अप्पासाहेबांनी स्वतःहून किंमत चारशेवर आणली. वर म्हणाले, घेऊन जा, मला ती आता दारात नको. मग खुर्ची मिटता मिटता तात्यारावाला म्हणाले, चंबळच्या कागदाचं नंतर बघू. तात्याराव हो म्हणाला आणि त्याने खुर्ची उचलून लॉरीत ठेवली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

नाव आमच्या रामबागेतल्या घराच्या अंगणात आली. गल्लीतली येणारीजाणारी माणसे थांबतात. दूधवाला म्हणाला, भिया, नाव तो ले ली, अब तालाब कब खुदेगा? मी हसलो. पाचशे रुपयांनी पाडली, हे तीन-चार जणांना सांगितले. नानासाहेब त्यात भर घालून सांगतात. त्यांच्या गोष्टीत आता मी बुडता बुडता वाचलो आहे.

मंगलाने विचारले, त्या माणसाच्या नोकरीचं काय. मी म्हटले, धरणावर असला माणूस गेला असता तर चार जण बुडाले असते. ती आत गेली.

२२ फेब्रुवारी, रविवार

इंजिन उघडले. सकाळी आठला बसलो.

डोक्यात मोठी खराबी नाही. तापून धरले होते, थंड झाल्यावर मोकळे झाले. पिस्टनवर दोन ओरखडे. बेअरिंगे उत्तम. सगळीकडे ग्रीस ताजे, प्रत्येक स्क्रू हाताला सुटणारा. अशी निगा मी माझ्या स्वतःच्या दुकानात पाहिलेली नाही. मग खराबी कुठे, म्हणून पाय उघडला.

पायात पंप आहे.

वाटीएवढे घर, त्यात रबराचे चाक, त्याला सहा पाकळ्या. हे चाक फिरले की पाणी वर डोक्यापर्यंत चढते, आणि त्या बारीक भोकातली धार ही ते चढत असल्याची खूण. चाक कारखान्यातले नाही. कोणी तरी जाड रबरातून धारदार पात्याने हाताने कापलेले आहे. आता परदेशी माल मिळत नाही, म्हणून बनवले असणार. सहाही पाकळ्या सारख्या असाव्यात, निदान जी दीड पाकळी शाबूत आहे तीवरून तसे वाटते. बाकीच्या वितळून घराच्या भिंतीला चिकटल्या आहेत.

वास तोच, त्या दिवशीचा.

आधी असे धरून चाललो की हे जुनेच नुकसान असणार. भिंग लावले. जुने असते तर वितळलेल्या रबरावर गाळाचा थर असता, हे इंजिन अकरा वर्षे तलावांत फिरले आहे. थर नाही. रबर काचेसारखे चकचकीत आहे. मग वाटले, तात्यारावाने मुद्दाम केले असेल. पण केव्हा? आठ तारखेच्या संध्याकाळपासून पंधराच्या सकाळपर्यंत तिन्ही गाठींवर माझे शिक्के होते आणि मीच ते शाबूत असल्याची ग्वाही घेतली होती.

भिंग ठेवून दिले. जेवायला हाक आली तेव्हा भूक नाही म्हटले.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

काल काही लिहिले नाही. लिहिण्यासारखे काही झाले नाही असे नाही.

दुपारी देपालपूरचा एक शेतकरी पंप घेऊन आला. आतले वॉशर जळलेले. मी नेहमीप्रमाणे सुरू केले, कितनी बार कहा, पानी भरे बगैर मत चलाओ. डबा घेऊन आलेली मंगला दारातच उभी होती. शेतकरी गेल्यावर म्हणाली, "त्या इंजिनाचं पण तसंच झालं का?"

मी म्हटले, तुला इंजिनातले काय कळते. ती म्हणाली, काहीच नाही, म्हणून विचारलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

ठरवले की आधी चाक बनवायचे, इंजिन चालू करायचे, मग अप्पासाहेबांना जाऊन सांगायचे. नुसते सांगण्यापेक्षा दुरुस्त करून सांगणे बरे. ट्रकच्या टायरचे रबर आणले. आज सहा चाके कापली. सहाही फेकली. पाकळ्या सारख्या येत नाहीत. आल्या तर पंपाच्या घरात फिरत नाहीत. त्याने हे कसे केले असेल?

सोमवारी दोन तारीख आहे.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सातवे चाक कापले, तेही फिरले नाही. संध्याकाळी पाचशे रुपये पाकिटात घालून पलासियाला गेलो. अप्पासाहेबांना म्हटले, मागून विचार केला, इंजिन तेवढे वाईट नाही, ठरल्या किमतीलाच घेतो. त्यांनी विचारले, का? मी म्हटले, सहज. ते म्हणाले, जयसिंगराव, सहज कोणी पाचशे देत नाही, आणि मला कीव नको. पाकीट माझ्या खिशात परत घातले.

मी तात्यारावाचा विषय काढला. त्यांनी फक्त हात हलवला. बाहेर आलो तेव्हा फाटकाशी बराच वेळ थांबलो होतो. आत जाऊन एक वाक्य बोलायचे होते. ते माझ्याने झाले नाही. का झाले नाही ते मला माहीत आहे. दुसऱ्याच दिवशी सियागंजात कळले असते.

२८ फेब्रुवारी, शनिवार

दुकान बंद ठेवून सकाळच्या मोटरने महूला गेलो. घर शोधायला वेळ लागला नाही, तात्याराव म्हटल्यावर चार जण दाखवायला आले. दोन खोल्या, अंगण सारवलेले, भिंतीवर बुद्धाची नवी तसबीर. त्यांच्या बायकोने, कौसल्याबाईंनी, पाण्याचा तांब्या पुढे केला. मी घेतला आणि प्यालो. हे लिहितो, कारण घेण्याआधी एक क्षण थांबलो होतो आणि ते त्यांनी पाहिले.

तात्याराव वर्कशॉपातून जेवायला आले तेव्हा मी अंगणातच बसलो होतो. वाटेत जुळवून ठेवलेले बोलणे सगळे विसरलो. खिशातून जळके चाक काढून त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाले, "चार दिवस लागले होते याला."

मी म्हटले, तुम्ही काठावर बोलला का नाहीत?

"बोललो ना. तुम्ही म्हणालात आठवत नाही. मग दोन साहेब आणि एक मी. पुढे काय बोलणार?"

मी माफी मागितली. ते भाकरी मोडत होते. म्हणाले, "माफी घरात ठेवून काय करू, साहेब? सोमवारी ते कागद बघतील. कागदावर लिहा."

मी लिहिले. कौसल्याबाईंनी कागदाखाली घ्यायला पाट दिला, त्यावर ठेवून. मी, जयसिंगराव, इंजिनकाम करणारा, सियागंज, इंदूर, मी हे इंजिन पाण्याशिवाय चालवले, माझ्या अज्ञानामुळे पंप जळला, तात्यारावांनी आधी आणि नंतर दोन्ही वेळा बजावले होते, मी ऐकले नाही, आणि विचारल्यावर खोटे बोललो. 'अज्ञानामुळे' लिहिताना लेखणी अडली. दुसरा शब्द सुचेना. खाली पूर्ण सही केली.

त्यांनी वाचला, घडी केली. म्हणाले, हा माझ्यासाठी झाला. आता हेच अप्पासाहेबांसमोर बोला. मी म्हटले, चला, दोघे जाऊ. ते नको म्हणाले. मी आलो तर ते माझ्याकडे बघतील, तुम्ही एकटे जा.

निघताना माझे सातवे चाक दाखवले. त्यांनी पाकळी बोटाने दाबली. "जाड झाल्या. वाकल्या पाहिजेत, नाहीतर फिरणार कशा." एवढेच.

१ मार्च, रविवार

दहाला अप्पासाहेबांकडे. आज फाटकाशी थांबलो नाही. थांबलो असतो तर परत आलो असतो.

उभ्यानेच सांगितले. इंजिन कोरडे चालवले तिथपासून, काठावरच्या माझ्या उत्तरापर्यंत. त्यांनी मध्ये एकदाही थांबवले नाही. मला वाटले आता हाकलतील, आणि तसे झाले असते तर बरे वाटले असते. शेवटी म्हणाले, "तुमचं सोडा. तुम्ही त्याला पंधरा दिवस ओळखत होता. मी अकरा वर्षं ओळखतो, आणि तुमच्या लाखेवर विश्वास ठेवला."

मग गुडघ्यांवर हात देऊन उठले, टेबलाशी बसले आणि सर्टिफिकेट लिहिले. पहिले दोन कागद फाडले. तिसरा वाळवून माझ्या हातात दिला. पाचशे या वेळी त्यांनी घेतले. मोजले नाहीत.

संध्याकाळची रतलामकडची गाडी महूहून येते, इंदुरात वीस मिनिटे थांबते. तिसऱ्या वर्गाचे सगळे डबे पाहत गेलो. तात्याराव खिडकीशी होते, इस्त्रीचा कोट, मांडीवर पत्र्याची पेटी. सर्टिफिकेट आत दिले. त्यांनी दिव्याखाली धरून दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचे ओठ हलत होते. मग पेटी उघडून ते माझ्या कागदाशेजारी ठेवले.

काही तरी बोलतील म्हणून मी गाडी हलेपर्यंत उभा राहिलो. ते म्हणाले, खिडकीपासून सरका, साहेब, डबे झटका देतात.

११ मार्च, बुधवार

पोस्टाने पाकीट आले. नानासाहेबांनी स्वतः आणून दिले आणि कोणाचे, कोणाचे म्हणत उभे राहिले. मी त्यांच्यासमोर उघडले नाही.

आत माझाच कागद, आणि दोन ओळींचे पत्र. 'नोकरी मिळाली. पंधरा तारखेला हजर व्हायचे आहे. अप्पासाहेबांचा कागद पाहून त्यांनी आणखी काही विचारले नाही, म्हणून तुमचा दाखवला नाही. परत पाठवत आहे. तात्याराव.'

सकाळपासून चार वेळा वाचले. त्यांनी माझी अब्रू राखली की माझ्या शब्दाची कोणाला गरज पडली नाही एवढेच कळवले, मला ठरवता येत नाही. आधी एक वाटते, मग दुसरे. सरळ माणूस असता तर त्याने सरळ लिहिले असते. त्यांनी सरळच लिहिले आहे, तरी मी त्यात काही शोधतो आहे.

कागद फाडून टाकणार होतो. चुलीशी गेलोही. तिथे मंगला होती, हातात काय आहे म्हणाली, तर देऊन टाकला. आजवर तिला काही सांगितले नव्हते. तिने पदराला हात पुसले, उजेडाकडे वळून पूर्ण वाचला, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत. मी भाजीकडे पाहत उभा.

"तारीख घातली नाहीत," ती म्हणाली.

मी कागद घेऊन पाहिला. खरेच नव्हती. माझ्या हातून पंचवीस वर्षांत एक पावती बिनतारखेची गेली नसेल. आता वाटते, तात्यारावांना ते तिथेच अंगणात दिसले असेल, आणि तरी त्यांनी घडी करून ठेवला.

दौत घेऊन आलो. तारीख घातली, अठ्ठावीस फेब्रुवारी. मग कागद दुकानात नेला आणि कामाच्या टेबलावर, गिऱ्हाईक उभे राहते त्या बाजूला, चार खिळ्यांनी ठोकला. शेजारचा डिप्लोमावाला दुपारी पान्हा मागायला आला होता. त्याने वाचायला सुरुवात केली. मी पान्हा हातात धरून थांबलो, त्याचे वाचून होईपर्यंत.